नऊ पावलांचा खड्डा

मुरुडच्या चन्नबसप्पा मिटकरींनी आयुष्यात दोनच गोष्टींसाठी लोकांना दमात घेतलं. एक, उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला पाहिजे. दुसरी, गेलेल्या माणसाची मांडी तासाभरात घातली गेली पाहिजे. पहिली गोष्ट सरकारनं पंधरा वर्षांनी ऐकली. दुसरीसाठी ते कुणावर विसंबत नसत, स्वतः जाऊन घालत.

लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा नेत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ, हातात इष्टलिंग, अशा बैठकीत त्याला जमिनीत बसवतात. पण गेलेलं अंग थांबत नाही, दोन-तीन तासांत ताठरायला लागतं. ते आडवं ताठरलं तर नंतर बसवताना काय काय करावं लागतं, हे अप्पा भर लग्नाच्या पंगतीतसुद्धा सविस्तर सांगत. त्यामुळे त्यांच्या ओळीत बसायला लोक कचरत.

त्यांचं दुकान बारदान, सुतळी, दोरखंड, टिकाव-फावडी यांचं. कुणी गेल्याचं कळलं की ते गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून सुतळीचं भेंडोळं खिशात घालत आणि निघत. माणूस कुठल्याही जातीचा असो, लागेल ते सामान दुकानातून जायचं आणि त्याबद्दल पुन्हा दुकानात बोलायचं नाही, असा नियम होता. लग्न असो, सप्ताह असो, डोळ्यांचं शिबिर असो, सतरंज्या झटकून, माणसं मोजून, दिवे विझवून सगळ्यांत शेवटी निघणारा माणूस म्हणजे अप्पा.

शेवटी निघणाऱ्याला चपला ज्या उरतील त्या मिळतात. अप्पांना तीस वर्षं तशाच मिळाल्या. त्यांचं पाऊल मोठं, त्यामुळे टाच कायम दोन बोटं बाहेर. त्यावर ते काही बोलत नसत. बोलत ते महादेवप्पा, व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या पुतण्याच्या लग्नात त्यांचा नवा, करकर वाजणारा जोड गेला आणि ते मांडवातून अनवाणी घरी आले. जोड अप्पांनीच नेला, असं ते पुढे अकरा वर्षं सांगत होते. अप्पांचं उत्तर एकच होतं. मी शेवटी निघालो, उरलं ते घातलं. एवढ्यावर दोघांचं बोलणं बंद झालं होतं. जिल्हा झाला त्या दिवशी दोघांनी एकाच स्टेजवर पेढे वाटले, तेही एकमेकांना सोडून.

जिल्हा झाल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावात तिसऱ्या दिवशी एक टँकर यायचा. अशा मे महिन्यात अप्पा गल्लीतल्या धुरपताबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला घेऊन गेले. ऑपरेशन उत्तम झालं. अप्पा मात्र वॉर्डातल्या पाच-सहा पेशंटांच्या सुरया भरून आणताना व्हरांड्यात पडले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता गेले.

त्या वेळी आम्ही चौघं खाटेपाशी होतो. त्यांच्या पत्नी पार्वतीकाकू. मुलगा गुरुलिंग, जो नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत कारकून होता. एसटीतले ड्रायव्हर ग्यानोबा सोनकांबळे, जे रजा टाकून गावातली एक जीप घेऊन आले होते. आणि अप्पांच्या शेजारचा मी, लातूरच्या कॉलेजात शिकवणारा. बहात्तरच्या दुष्काळात अप्पा आणि ग्यानोबांनी मिळून टँकर चालवला होता. पुढे अप्पा ज्याची मांडी घालत त्याची पाठ ग्यानोबा धरत.

ग्यानोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "नऊ. गावाला पाच तास. तवर अंग थांबत न्हाई."

म्हणजे मांडी इथेच घालायला हवी होती, आणि मुरुडपर्यंत टिकवायला हवी होती. वॉर्डातल्या माणसाचं म्हणणं पडलं की बॉडी स्ट्रेचरवर आडवी देण्याची पद्धत आहे, बसवून दिलेली त्याला आठवत नाही. गुरुलिंगनं सरकारी सवयीनं विचारलं की तसा लेखी नियम आहे का. तो माणूस नियम शोधायला गेला. नियम सापडेपर्यंत आपल्याला वेळ आहे हे आमच्या कुणाच्या लक्षात येण्याआधी पार्वतीकाकूंनी पदर खोचला होता आणि नवऱ्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकवायला घेतला होता. गुरुलिंग त्यांना बाजूला करू लागला.

"ह्यांनी सगळ्या गावाच्या मांड्या घातल्या," त्या म्हणाल्या. "ह्यांची म्या घालते. तू पाठ धर."

त्यांनी घातली. ग्यानोबांनी फक्त डावी टाच थोडी वर ओढून दिली.

जीपच्या मागच्या भागात, दोन बाकांच्या मधे, सतरंजीवर अप्पांना बसवलं. पाठ पुढच्या सीटला टेकवली, धोतरानं छाती बांधली. पण नांदेड-लातूर रस्ता त्या काळी असा होता की जिवंत माणसाचीही बैठक मोडायची. म्हणून ग्यानोबांनी बाजारातून कडबा कोंबलेली दोन पोती आणली आणि दोन्ही बाजूंनी गुडघ्यांना दाबून लावली. अप्पा आता हलत नव्हते. चेहऱ्यावर पंगत वेळेवर बसली नाही की येत असे तसा भाव होता.

मी पोस्टातून मुरुडला ट्रंक कॉल लावला. फोनवर अप्पांचे धाकटे भाऊ नागप्पा आले. त्यांना बातमी सांगितली. ते म्हणाले की खड्डा आत्ताच घ्यायला लावतो, जमीन दगड झालीय, पाच-सहा तास लागतील. आणि मग अडले. खड्डा मोजायचा तो गेलेल्या माणसाच्या पावलाच्या लांबीनं. लांबी नऊ पावलं, रुंदी पाच. अप्पा हे माप सुतळीनं घेत.

"पाऊल तुमच्यापाशी, जमीन माझ्यापाशी," नागप्पा म्हणाले. "मोजू कशानं?"

ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपत आली होती. मी म्हणालो, घरात त्यांच्या चपला असतील, त्यांवर मोजा. नागप्पांना ते पटलं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. कॉलेजात शिकवणाऱ्याला ते बऱ्याचदा वाटतं.

साडेदहाला निघालो. लोहा गेलं, माळेगाव गेलं. त्याच्या पुढे, नांदेड जिल्हा जिथं संपतो तिथं, रस्त्यावर आडवा बांबू होता. बाजूला चार पत्रे, एक टेबल, एक माठ आणि एक कारकून. नाका कुठल्या खात्याचा ते पाटीवरून कळत नव्हतं, कारण पाटी उन्हानं पांढरी झाली होती. दुष्काळामुळे जिल्ह्यातली वैरण जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती आणि ती बंदी म्हणजे हा कारकून.

त्यानं जीपमागे येऊन आधी पोत्यात बोट खुपसलं. मग अप्पांकडे पाहिलं आणि ह्यांना काय झालंय असं विचारलं.

"व्हायचं ते झालंय," ग्यानोबा म्हणाले. "आता काय व्हायचं राह्यलं न्हाई."

कारकुनानं टोपी काढली. थोडा वेळ हातात धरली, पुन्हा घातली आणि सांगितलं की मयताबद्दल आपल्याकडे काही आदेश नाही, ते जाऊ शकतात. कडबा जाऊ शकत नाही.

गुरुलिंगनं त्याला समजावलं की ही वैरण नव्हे, हा आधार आहे. कारकुनानं नम्रपणे विचारलं की आत कडबा आहे की नाही. आहे. मग गुरांनी तो खाल्ला तर त्यांना फरक कळेल का? गुरुलिंगही दिवसभर कचेरीत असंच बोलत असे आणि समोरचा बरोबर बोलतोय हे त्याला कळत होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

ग्यानोबांनी मधेच आत वाकून अप्पांच्या कोपराला बोट लावलं. "अर्धं आलंय," ते हळूच म्हणाले. "गुडघे आत्ता सुटले तर तसेच ऱ्हातील."

बारा वाजून गेले होते. पत्र्याखाली चटके बसत होते. कारकून पोती जप्त केल्याची पावती लिहायला बसला आणि तिथं नवीनच अडचण निघाली. वैरण कुठल्या जिल्ह्यात चालली होती ते लिहिणं भाग होतं आणि त्याच्या पुस्तकात जिल्ह्यांची नावं आधीच छापलेली होती. परभणी, यवतमाळ, उस्मानाबाद. लातूर नव्हतं. पुस्तक जिल्हा व्हायच्या आधीचं होतं आणि संपल्याशिवाय नवं मिळणार नव्हतं. हातानं लिहिलं तर खाडाखोड होते. खाडाखोड केली तर पावती बाद. पावती बाद तर जप्ती बाद, आणि जप्तीशिवाय जीप सोडता येत नव्हती.

पंधरा वर्षं अप्पांनी जिल्ह्यासाठी मोर्चे काढले, निवेदनं दिली, एकदा दोन दिवस उपाशी राहिले. आता ते आपल्याच जिल्ह्याच्या वेशीवर मांडी घालून बसले होते आणि पुस्तकात जिल्हा नव्हता. गुरुलिंगचा आवाज चढायला लागला. कारकुनानं पेन खाली ठेवलं. पेन ठेवलेला कारकून म्हणजे काय, ते ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको.

"उस्मानाबाद लिवा," पार्वतीकाकू आतून म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. या विषयावर गप्प राहण्याची त्यांची पंधरा वर्षांतली ही पहिलीच वेळ होती.

पोती उतरली, पावती मिळाली, बांबू वर गेला. गुरुलिंग उजव्या बाजूनं आणि मी डाव्या बाजूनं अप्पांच्या गुडघ्यांवर वजन टाकून बसलो. खड्डा आला की दोघांनी दाबायचं. सपाट रस्ता आला तरी सोडायचं नाही. माझे हात दुखायला लागले तेव्हा मी हळूच खांदा लावला. उन्हाळ्यातलं ते थंड अंग मला अजून आठवतं.

सावरासावर करताना दवाखान्यातून मिळालेलं गाठोडं सुटलं. पार्वतीकाकूंनी ते बांधायला घेतलं. टॉवेल, पंचांग, सुतळीचं भेंडोळं, आणि खाली चपला. त्यांनी एक चप्पल उलटसुलट करून पाहिली. अंगठ्याचा खळगा पडला होता, तो भलत्याच ठिकाणी होता.

"ह्या कुणाच्या उचलल्या आता?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मी, बाईंचं मन जरा दुसरीकडे जावं म्हणून, फोनवर मापाचा प्रश्न कसा चुटकीसरशी सोडवला ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आमच्या प्राचार्यांनीही कधी बघितलेलं नाही.

"घरात सात जोड हायती, मास्तर," त्या म्हणाल्या. "त्यांचा एक बी न्हाई."

ग्यानोबांनी गाडीचा वेग वाढवला. हिशोब प्रत्येकाला कळला होता. चप्पल लहान, तर खड्डा लहान. रुंदीला पाच पावलं म्हणजे चूक पाचपट. बैठक ताठरली की ती पुन्हा आवळता येत नाही. म्हणजे आम्ही गुडघे जितके नीट दाबून धरत होतो, तितके अप्पा त्या खड्ड्यासाठी मोठे होत होते. आणि सोडूनही चालणार नव्हतं. शिवाय दिवस बुडायच्या आत माती पडली पाहिजे, हाही अप्पांचाच दंडक.

अहमदपूरला पोस्टासमोर गाडी थांबवली. मुरुडची लाइन मिळायला दीड तास, असं सांगण्यात आलं. दीड तासात मी लातूर गाठतो, असं म्हणून ग्यानोबांनी गियर टाकला. तेवढ्या थांब्यात पार्वतीकाकूंनी अप्पांच्या भेंडोळ्यातली सुतळी तोडली, मांडीवर उलट्या पडलेल्या पावलाला टाचेपासून अंगठ्यापर्यंत लावली आणि दोन गाठी मारल्या. ती सुतळी त्यांनी मुरुडपर्यंत मुठीत धरली. तोवर गुडघे आपोआप राहायला लागले होते. आम्ही हात काढले, तरी थोडा वेळ आमचे तळवे हवेत दाबल्यासारखेच राहिले.

पाच वाजता मुरुडच्या रुद्रभूमीत जीप शिरली. अख्खी बाजारपेठ तिथं होती. खड्डा तयार होता. अप्पांच्याच दुकानातले चार टिकाव टोक वाकून बाजूला पडले होते आणि खांदणारे पाचजण बांधावर आडवे झाले होते. विधी करणारे जंगमस्वामी बेलपानं आणि विभूतीच्या गोण्या घेऊन उभे होते. नागप्पा पुढे आले आणि त्यांनी मोठ्या समाधानानं खड्ड्याच्या काठावर बारदानावर ठेवलेला जोड दाखवला.

सात जोडांतून त्यांनी सगळ्यांत चांगला निवडला होता. शेवटचं माप, म्हणून मुद्दाम चांगल्या चपलेचं घेतलं, असं ते म्हणाले. जोड जवळजवळ नवा होता. अप्पांना तो तंग होत असल्यामुळे कागदात गुंडाळून फळीवर राहिला होता.

पार्वतीकाकू वाकल्या आणि सुतळी चपलेवर ठेवली. दोन बोटं चप्पल कमी पडली.

गेलेल्याला बसवण्यासाठी खड्ड्याच्या भिंतीत कोरलेला कोनाडा जंगमस्वामींनी स्वतः वितीनं मोजला. मग जीपमध्ये येऊन अप्पांचे गुडघे मोजले. वीतभर फरक होता. त्यांनी सूर्याकडे पाहिलं आणि सांगितलं की मापच मुळात दुसऱ्याचं आहे, तर हा खड्डा यांचा नाही. शेजारी दुसरा घ्या.

खांदणारे पाचजण उठूनसुद्धा बसले नाहीत. त्यांतला एक बोलला की सहा तास झाले, पोटात पाणी नाही, आता उद्या. नागप्पा रडायला लागले. गुरुलिंगनं सदरा काढला आणि एक वाकलेला टिकाव उचलला. पहिल्या घावाला ठिणगी उडाली, माती निघाली नाही. पार्वतीकाकू जीपपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक हात नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला, जणू ते कंटाळून उठून जातील.

त्या वेळी गर्दीतून कुणीतरी अगदी साधा प्रश्न विचारला. हा खड्डा अप्पांच्या मापाचा नाही, तर मग कुणाच्या?

माणसाच्या पावलानं मोजलेला खड्डा रिकामा बुजवत नाहीत. तो रिकामा राहिला तर ज्याचं पाऊल त्याची वाट बघतो, असं आमच्याकडे सगळे मानतात आणि विचारलं तर कुणीच मानत नाहीत. प्रत्येकजण आपापल्या पायांकडे बघायला लागला.

पलीकडे बाभळीखाली महादेवप्पा बसले होते. बारा वाजल्यापासून तिथंच होते, असं नंतर कळलं. अध्यक्ष म्हणून देखरेखीला आले, काठावरचा जोड पाहिला आणि खाली बसले ते बसलेच. चहाही घेतला नाही. त्यांचा विचार सरळ होता. अप्पा आत बसले, माती पडली, की विषय संपेल. आता विषय संपत नव्हता, उलट उघडा राहणार होता.

ते उठले. चेहरा राखेसारखा झाला होता.

"दुसरा न्हाई घ्यायचा," ते म्हणाले. "ह्योच वाढवा."

जंगमस्वामींनी का म्हणून विचारलं. महादेवप्पांनी जोडाकडे बोट केलं. बोट दाखवायलाही त्यांना दोनदा हात उचलावा लागला.

"माझा हाय त्यो. अकरा वर्सं हुडकायलोय."

कुणी हसलं नाही. ग्यानोबांनी मात्र खड्डा एकवार नीट न्याहाळला.

"मग खांदणाऱ्यांची चूक न्हाई, मालक," ते म्हणाले. "बसून बघा की, बराबर हाय का."

महादेवप्पांनी धोतर वर खोचलं आणि खड्ड्यात उडी मारली. साठीचा, मधुमेहाचा, दुकानात पाण्याचा तांब्याही नोकराकडून मागणारा तो माणूस टिकाव मागत होता. त्यांनी आतून ओरडून सांगितल्यावर त्यांच्या घरचं पाण्याचं पिंप हातगाडीवरून आलं. त्या उन्हाळ्यात त्या घरातून तांब्याभरही पाणी बाहेर गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते सगळं कोनाड्याच्या भिंतीवर ओतलं, तेव्हा कुठं मुरूम जरा सैल झाला. अध्यक्ष खांदतात म्हटल्यावर मंडळाच्या सभासदांना बांधावर उभं राहणं अवघड झालं. कापडवाले उतरले, किराणावाले उतरले. ग्यानोबा काठावर सुतळी धरून दोन बोटं, दीड बोट, असं सांगत होते. त्या वर्षी जिल्ह्यात जागोजाग दुष्काळाची कामं चालू होती. इतक्या वेगानं काम मी कुठंच पाहिलं नाही.

सूर्य बाभळीच्या शेंड्याला आला तेव्हा नऊ पावलं भरली. पाचही भरली. महादेवप्पांना दोघांनी वर ओढून काढलं. खड्डा आता त्यांच्या मापाचा राहिला नाही, याची त्यांनी स्वतः सुतळी लावून दोनदा खात्री करून घेतली.

अप्पांना आठजणांनी बैठकीसकट उतरवलं. खाली ग्यानोबा आणि गुरुलिंग होते. कोनाड्यात सरकवताना उजवा गुडघा एकदा घासला आणि काठावरची दोनशे माणसं पुढे वाकली. मग ते आत गेले, पाठ भिंतीला लागली, आणि दोन्ही बाजूंना बोट-बोट जागा राहिली. मांडी शाबूत होती. नांदेडला घातली तशीच.

"बसले," ग्यानोबा खालून म्हणाले.

पार्वतीकाकूंनी मूठ उघडून सुतळी खाली सोडली. विभूती पडली, बेलपानं पडली, मग माती. पाण्यानं काळी झालेली माती त्या अख्ख्या माळावर तेवढीच होती.

लोक पांगले. महादेवप्पा स्वतः घालून आलेल्या चपला घालून गेले. काठावरच्या जोडाकडे त्यांनी मान वळवली नाही. नागप्पांनी पार्वतीकाकूंना घरी नेलं. मी जीपपाशी थांबलो होतो. ग्यानोबांनी टिकाव गोळा केले, बारदान झटकून घडी घातली, रिकामं पिंप हातगाडीवर चढवून दिलं, माती चौफेर थापटली आणि फाटकाशी आले. तिथं त्यांच्या चपला नव्हत्या. गर्दीत कुणीतरी घालून गेलं होतं.

ते परत काठाकडे गेले आणि पायात तो करकर वाजणारा जोड घालून आले. ते जीपमध्ये चढताना मी बघितलं. टाच दोन बोटं बाहेर होती.